मदत हवी आहे: स्टेनलेस पत्र्याच्या कडा वेल्डिंगपूर्वी घट्ट कशा जुळवाव्यात?

सोलापुरात सूत रंगवण्याच्या कारखान्यासाठी आम्ही ३०४ दर्जाच्या १.६ मिमी स्टेनलेस पत्र्याची गोल टाकी बनवत असून, तिचा उभा सांधा टिग वेल्डिंगने (आर्गॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) जोडायचा आहे. तीन रोलच्या यंत्रावर कडेची पट्टी सपाट राहते, म्हणून ती आधीच लाकडी हातोड्याने वाकवली, कडा कानशीने सरळ केल्या आणि सी-क्लॅम्प आवळून एका टोकाकडून टाके (कडा जागेवर धरणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारले. तरीही दुसऱ्या टोकाला सुमारे २ मिमी फट उघडते. हा पत्रा साध्या लोखंडी पत्र्याच्या जवळपास दीडपट प्रसरण पावत असल्याने करंटही कमीच ठेवला आहे. सांध्यात रंग साचू नये म्हणून कडेवर कड चढवता येणार नाही, आणि फट फिलरने (सांध्यात वितळवायच्या धातूच्या तारेने) भरून काढणे मला पटत नाही. अशा सांध्यात टाके मधून दोन्ही टोकांकडे मारावेत का, आणि दोन टाक्यांत अंतर किती ठेवावे?