जुन्या दोघांच्या करवतीचे सगळे दात एका उंचीचे करून घ्यावेत का?

बांधकरी (हिंगोली)
साडेपाच फुटी, दोघांनी ओढायची जुनी करवत हाताशी आहे. पाठ आत वळलेली, दातांची कड बाहेर कमानदार. गंजाखाली ‘फिलाडेल्फिया’ एवढंच वाचता येतं. चार टोकदार दात, मग एक आखूड, दोन शेंड्यांचा दात, पुन्हा चार टोकदार, अशी रचना शेवटपर्यंत आहे. बांधावरची ओली बाभूळ अन् सुबाभूळ कापायची आहे. धारवाला म्हणतो, आखूड दात झिजलेत, बाकीचे त्यांच्या उंचीला आणून सगळे सारखे करून देतो. द्यावं का?

रंधा_पटाशी (नांदेड)
अजिबात देऊ नका. ते आखूड दात झिजलेले नाहीत, मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. त्यांना रेकर म्हणतात. टोकदार दात लाकडाचे तंतू दोन्ही कडांनी चिरतात, मागून येणारा रेकर मधली पट्टी खरवडून उचलतो आणि शेजारच्या खोल खाचेत घालून बाहेर नेतो. ओल्या लाकडाचा भुसा ओला, लोंबणारा असतो. सुताराच्या साध्या करवतीच्या बारीक दातांत तो ठासून बसतो अन् करवत जागीच थांबते. म्हणून तर ही रचना केली. सगळे दात सारखे केले की रेकर चिरायच्या आधीच लाकडाला टेकतो, तंतू ओरबाडतो आणि दोघांचा दम जातो.

चार दात आणि एक रेकर या रचनेला लान्स म्हणतात. ओल्या, मऊ ते मध्यम लाकडाला ती उत्तम. दोन दात आणि एक रेकर असेल तर चॅम्पियन, ती कठीण लाकडाची. वाळलेली बाभूळ या करवतीला दाखवू नका. बाभूळ तोडल्याबरोबर, ओली असतानाच कापा.

धार घरी लावता येते, पण क्रम मोडू नका. आधी चपटी कानस दातांच्या कमानीवरून सरळ धरून हलकी फिरवा. सर्वांत बुटक्या टोकदार दातावरही चकाकता ठिपका आला की थांबा. मग रेकर टोकदार दातांपेक्षा खाली आहे का ते मोजा, लागेल तेवढा उतरवा. रेकरचे शेंडे आडवे सरळ राहिले पाहिजेत, तिरपे नकोत. धार त्या दोन शेंड्यांमधल्या खाचेच्या आतल्या बाजूनंच काढायची. त्यानंतर टोकदार दात, एक डावीकडून, पुढचा उजवीकडून. ठिपका जेमतेम नाहीसा झाला की हात थांबवा. त्यापुढे एक घास जास्त मारली तरी तो दात बुटका होतो आणि काम करत नाही. सगळ्यात शेवटी दात आळीपाळीनं बाहेर वाकवायचे, टोकापासून साधारण ६ मिमी खाली, छोट्या ऐरणीवर हलक्या हातोडीनं. रेकर वाकवायचा नाही.

किनवटवाला
धारेआधी पातं तडकलंय का बघा, नाहीतर सगळी मेहनत वाया. खाचांच्या तळाशी रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. तडा खाचेच्या तळापासून वर गेला असेल तर ती करवत भिंतीवरच शोभेल.

गंज काढायला ग्राइंडर नको. पातं तापून निळसर पडलं की त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, तिथं धार टिकणार नाही. रॉकेल आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, लांबीच्या दिशेनं घासा. अक्षरं आहेत तिथं फार हळू. डिस्टन कंपनी फिलाडेल्फियाचीच, १८४० साली सुरू झालेली. ते नाव निघालं तर करवत खरंच जपण्यासारखी. ती अक्षरं पात्यावर उथळ कोरलेली असतात, घासून गेली की गेली.

बांधकरी
रेकर किती खाली हवा? मोजायचं कशानं?

रंधा_पटाशी
गॅरेजमध्ये टॅपेटला वापरतात ते फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, चालतं. पोलादी पट्टीचा छोटा तुकडा रेकरच्या लगतच्या दोन दातांवरच टेकवा आणि पट्टी व रेकर यांच्यातल्या फटीत गेजचं पातं घालून बघा. लांब पट्टी घेतली तर कमानीमुळं झुलते आणि माप चुकतं. ओल्या बाभळीला ०.३ मिमीपासून सुरू करा, सुबाभळीसारख्या मऊ ओल्या लाकडाला ०.५. दात प्रत्येक बाजूला ०.२५ ते ०.४ मिमी बाहेर. जास्त फाकवले तर चीर रुंद होते, जोर वाया जातो आणि करवत आतल्या आत हेलकावते.

खरी परीक्षा भुशाची. लांब, शेवयांसारख्या पट्ट्या पडल्या की जमलं. पट्ट्यांच्या कडेला केसाळ तंतू दिसले तर रेकर उंच आहे, अजून थोडा उतरवा. बारीक पीठ पडतंय तर रेकर फार खाली गेला किंवा दात बोथट आहेत. पहिल्याच वेळी रेकर जास्त उतरवू नका; उतरवलेला परत वर येत नाही, सगळे टोकदार दात खाली आणावे लागतात.

गोदाकाठ
आत वळलेली पाठ म्हणजे उभं झाड पाडायची करवत. पातं अरुंद, म्हणून चिरेत पाचर लवकर बसते. आडव्या खोडाला दोन्ही टोकांना टेकू असेल तर वरून कापताना चीर मिटते, पात्यामागं लाकडी पाचर ठोकत जा. लोखंडी नको, दाताला लागली की दात गेला. दोघांनीही फक्त ओढायचं. समोरच्याची पाळी असताना ढकललं की पातळ पातं वाकतं.

बाभळीच्या रसानं पातं लगेच काळं पडतं, त्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं. त्याच दिवशी रॉकेलनं पुसा, वर मशीन ऑइलचा पातळ हात. करडीचं किंवा जवसाचं तेल पात्याला लावू नका, वाळून चिकट थर होतो. जवसाचं मुठींना लावा, तिथं तेच चांगलं.