ॲम्बॅसेडरचं इंजिन बांधलंय, कॅम आणि टॅपेट ग्राइंड केलेत: पहिल्यांदा स्लोवर ठेवायचं की रेसवर?

शहापूर_मार्क३:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी वडलांची १९७७ ची ॲम्बॅसेडर आहे, मार्क ३ पेट्रोल, तेच १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन. टॅपेटचा (कॅमवर टेकून पुशरॉड वर ढकलणाऱ्या तुकड्यांचा) आवाज गल्लीच्या तोंडाला ऐकू यायचा, उघडून बघितलो तर कॅमचे (व्हॉल्व्ह उघडवणाऱ्या दांड्याचे) दोन लोब म्हणजे उंचवटे झिजून टोकच गेलेलं. आता बोअर करून नव्या रिंगा, नवे बेरिंग, कॅम ग्राइंड करून आणि आठही टॅपेटना फेस मारून (खालचं तोंड घासून) घेतलो. इंजिन गाडीत बसलंय पण पावसाच्या आधीपासून तसंच आहे, अजून एकदाही चालू केलो नाही.
आता आमचे मिस्त्री, वडलांच्या वेळेपासूनचे, चांगला हात आहे त्यांचा, ते म्हणतात स्टार्ट करून दोन तास एकदम स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) सोडायचं, रेस अजिबात द्यायची नाही, सगळं आपोआप बसतंय. आणि इकडं नेटवर वाचूलोय तर सगळे म्हणतात चालू झाल्याझाल्या २००० आरपीएमवर न्यायचं आणि वीस मिनिटं खाली आणायचंच नाही. नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला अशी रेस द्यायची म्हणजे पोटात गोळा येतोय. नक्की काय करू? ऑइल कुठलं घालू? आणि डॅशबोर्डवर आरपीएम मीटरच नाही त्याचं काय?

निपाणी_आण्णा:
बाळा, मिस्त्रींना बोल लावू नगो, पण कॅमच्या बाबतीत दोन तास स्लोवर ठेवायचं अजिबात करू नगो. कारण सांगतो म्हंजे पटंल. ह्या इंजिनात कॅम ब्लॉकमधी खाली हाय आणि लोबवर ऑइल येतंय ते मुख्यतः क्रँकनं उडवलेलं. स्लोवर क्रँक ऑइल उडवतच नाही म्हटलं तरी चालंल. वर आणि स्प्रिंगचा सगळा दाब टॅपेटवर पडतोय तो लोबच्या टोकावर, आणि तो स्लोवरच सगळ्यात जास्त असतोय, रेस वाढली की व्हॉल्व्ह पुशरॉडच्या वेगामुळं टोकावरचा दाब उलट कमी हुतोय. म्हंजे स्लोवर दाब जास्त नि ऑइल कमी, दोन्ही बाजूनं मार. नव्या फेसला पहिली वीस-तीस मिनिटंच महत्त्वाची, तेवढ्यात लोब नि टॅपेट एकमेकाला बसले तर पुढं वर्षानुवर्षं बघायला नको, आणि नाही बसले तर लोब खाऊन टाकतोय.
म्हणून चालू झालं की लगेच १८०० ते २५०० च्या मधी, आणि एकाच जागी धरून नाही, थोडं वर थोडं खाली असं हलवत. रिंगांसाठी सुद्धा दोन तास स्लो वाईटच, बोअर काचेसारखं गुळगुळीत होऊन बसतंय आणि मग ऑइल खात राहतंय.
आरपीएमसाठी टायमिंग लाइट भाड्यानं मिळते त्यात मीटर असतोय, नाहीतर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर येतोय, स्वस्त हाय.

उद्यमबाग_ग्राइंडिंग:
आण्णांनी सांगितलं ते बरोबर, पण त्याच्याही आधीचा प्रश्न विचारतो. टॅपेटना फेस कुठल्या मशीनवर मारलाय? मी इथं बेळगावच्या उद्यमबागमध्ये ग्राइंडिंगचंच काम करतो म्हणून विचारतोय. टॅपेटचा खालचा फेस दिसायला सपाट दिसतो पण तो सपाट नसतो, मधे अगदी दीड-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उंच असतो, आणि लोबलाही बारीकसा उतार दिलेला असतो. त्यामुळं टॅपेट लोबवर चालताना स्वतःभोवती फिरत राहतो. फिरला नाही तर एकाच रेषेवर घासतो, मग ऑइल कितीही चांगलं घाला, रेस कशीही द्या, लोब जाणारच. आणि बऱ्याच ठिकाणी टॅपेट सरळ सरफेस ग्राइंडरच्या चुंबकावर उभे करून एका पासात सपाट मारून देतात, चकाचक दिसतंय, गिऱ्हाईक खूश.
चेक करायला मशीन लागत नाही. दोन टॅपेट फेसला फेस लावून उजेडासमोर धरा, आणि हलकं डुलवून बघा. डुलले आणि कडेनं बारीक उजेड दिसला तर बरोबर. गच्च बसले, उजेडच नाही, तर सपाट आहेत, ते घालू नका.

शहापूर_मार्क३:
बापरे हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. पण आता इंजिन जोडून बंद झालंय की वो, सगळं परत खोलायचं का?

उद्यमबाग_ग्राइंडिंग:
हेड उचलायची गरज नाही. ह्या इंजिनाला ब्लॉकच्या बाजूला टॅपेटचे कव्हर आहेत, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर काढलं की तिथं हात जातो. फक्त एक लक्षात ठेवा, रॉकर शाफ्टचे काही नट हेडच्या स्टडवरच आहेत, त्यामुळं रॉकर काढायच्या आधी रेडिएटरचं पाणी सोडा आणि हेडचे सगळे नट क्रमानं थोडे थोडे सैल करा, नाहीतर हेड वाकडं होतं. पुशरॉड वर ओढा, टॅपेट बाजूनं निघतात. प्रत्येक टॅपेट कुठल्या लोबचा ते लिहून ठेवा. बसवताना नट परत टॉर्कवर. कव्हरचं कॉर्क पॅकिंग नवीनच घाला, तिथून ऑइल गळायची ह्या गाडीची जुनी सवय आहे.

खानापूर_रोड:
मी थोडं स्टार्ट करायच्या तयारीचं सांगतो, कारण खरी गडबड तिथंच होते. लोक सेल्फ मारत बसतात, गाडी पेटत नाही, कधी टायमिंग चुकलेलं, कधी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच नाही, आणि तोपर्यंत लोबवर लावलेली मॉलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट पुसून जाते. एका स्टार्टमध्ये पेटलं पाहिजे अशी तयारी करा. नवीन टॅपेट बसवताना फेसवर आणि लोबवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावा, टॅपेटच्या बाजूंना मात्र नाही, तिथं साधं ऑइल, नाहीतर चिकटून फिरणार नाही. पाना घालून हातानं क्रँक फिरवा आणि पुशरॉडवर मार्करनं रेघ मारून बघा, हळूहळू फिरताना दिसल्या पाहिजेत. टॅपेट गॅप ०.०१५ इंच, आणि ९ चा हिशोब वापरा, म्हणजे ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा १ नंबर सेट करायचा, ६ उघडा तर ३, बेरीज नेहमी ९. स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावायचं स्पार्कचं टायमिंग) नीट लावा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगच्या वायरी दोनदा बघा. कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर पेट्रोलनं आधी भरून घ्या, बॅटरी फुल्ल चार्ज.
इंजिन पावसाळाभर उभं होतं म्हणून प्लगच्या भोकातून थोडं थोडं ऑइल सोडून हातानं फिरवून घ्या. ऑइल प्रेशर आणायला सेल्फवर दळत बसण्यापेक्षा प्रेशर गेजच्या जोडातून प्रेशर कॅननं ऑइल आत ढकललेलं बरं, रॉकरवर ऑइल आलेलं दिसलं की झालं.
ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस पाहिजे, तेच फेसवर थर धरतं. आताच्या गाड्यांची ५डब्ल्यू-३० वगैरे पातळ ऑइलं, डब्यावर एसएन, एसपी असा दर्जा लिहिलेली, त्यात फॉस्फरस ८०० पीपीएमच्या आत ठेवतात कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तुमच्या गाडीला तो नाहीच. ट्रकवाले घालतात ते डिझेलचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं, मिनरल, त्यात साधारण १२०० च्या आसपास असतं, कुठल्याही दुकानात मिळेल. सिंथेटिक आत्ता नको. झिंकची बाटली वेगळी ओतायची असेल तर मापात, जास्त घातलं म्हणून जास्त फायदा होत नाही.
गाडी अंगणात उघड्यावर ठेवा, सकाळच्या थंडाव्यात, रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा. एक माणूस फक्त ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या काट्यावर. काहीही वेगळा आवाज, प्रेशर पडलं, पाणी उकळलं तर स्लोवर आणून बघत बसू नका, सरळ बंद करा. थंड झालं की परत थेट २००० वर आणि राहिलेली मिनिटं पूर्ण करा. तुकड्यातुकड्यात चालतं, स्लोवर नाही चालत.

शहापूर_मार्क३:
मंडळी, कळवायला उशीर झाला. टॅपेट काढून बघितलो, आठातले तीन एकदम सपाट, फेसला फेस लावल्यावर उजेडाची रेघसुद्धा नाही. मिस्त्रींना हातात देऊन डुलवून दाखवलो, ते बराच वेळ बघत होते, मग स्वतःच घेऊन गेले आणि सगळे परत क्राउन (मधला उंचवटा) देऊन आणले. थ्रॉटलचा स्क्रू आधीच पुढं घेऊन ठेवला होता. सेल्फ मारल्यावर लगेच पेटली, मिस्त्री रेसवर आणि मी काट्यावर. मधे एकदा पाणी तापलं म्हणून बंद केलो, थंड करून परत चालू करून पूर्ण केलो. ऑइल सोडलो तर करड्या रंगाचं, आणि फिल्टरचा कागद उलगडून बघितलो तर करडा लगदा आणि चुंबकाला थोडी धूळ, चकत्या तुकडे काही नाहीत. हे ठीक आहे की?

निपाणी_आण्णा:
एकदम ठीक. करडं ते मॉलीचं, आणि बारीक धूळ सुरुवातीला येणारच. चकचकीत पापुद्रे दिसले असते तर काळजी. आता नवं ऑइल, नवा फिल्टर, इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट परत टॉर्क करा आणि मग टॅपेट गॅप बघा. एखाद्याचा गॅप एकदम वाढला असंल तर त्याचा लोब बघायचा. मग हायवेला घे, टॉप गिअरमधी ५० वरनं ८० पर्यंत ओढायची, ॲक्सिलरेटर सोडून परत खाली येऊ द्यायची, असं करत संकेश्वरपर्यंत ये, रिंगा बसतात. वंटमुरी घाटात खालच्या गिअरला घे, टॉपमधी दम लावू नगो. ५०० किलोमीटरला परत ऑइल बदल आणि टॅपेट परत बघ.

खानापूर_रोड:
आणि बाजूच्या कव्हरखाली पहिले काही दिवस पुठ्ठा टाकून बघत जा, ठिपका कुठं पडतो त्यावरून कळेल कुठला कॉर्क गळतोय.