मदत हवी आहे: ऑटोकॅडचं ड्रॉइंग वर्डमध्ये घेतलं की मापं वाचता येत नाहीत

यंत्रमित्र, उद्यमबाग
नमस्कार मंडळी. ऑपरेटरांसाठी वर्ड 2019 मध्ये प्रोसेस शीट (काम कसं करायचं त्याचा कागद) करायची आहे: वर बेअरिंग हाउसिंगचं ड्रॉइंग, खाली मराठी आणि कन्नडमध्ये सूचना. ऑटोकॅडमधून (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) थेट कॉपी-पेस्ट केलं तर भोवती भरपूर रिकामी जागा येते. स्क्रीनशॉट टाकला तर प्रिंटवर 5 आणि 6 ओळखू येत नाहीत. मूळ शीट ए3 आहे. टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) एक आकडा चुकीचा वाचला तरी जॉब भंगारात, म्हणून खात्रीची पद्धत सांगा.

रेघपट्टी, मच्छे
आधी मापाचं बघा, फॉरमॅटचं नंतर. ए3 ची रुंदी 420 मिमी. ए4 पानावर दोन्हीकडे 25 मिमी मार्जिन सोडलं की हाती राहतात 160. म्हणजे ड्रॉइंग जेमतेम 38 टक्क्यांवर येतं, 3.5 मिमीचं अक्षर 1.3 मिमी होतं आणि 0.25 ची रेघ 0.1 च्याही खाली जाते. अशी रेघ लेझर प्रिंटवर तुटक येणारच.

म्हणून त्याच फाइलमध्ये ए4 चा वेगळा लेआउट (छपाईचं पान) करा. व्ह्यूपोर्ट (त्या पानावर ड्रॉइंग दिसणारी चौकट) 160 मिमीपेक्षा रुंद नको. पार्ट 300 मिमीचा असेल तर स्केल 1:2 ठेवून लॉक करा. मापांची अक्षरं कागदावर 2.5 मिमी, बाह्यरेषा 0.5, मापरेषा 0.25. त्या ऑपरेशनला लागत नाहीत ती मापं आणि टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट) काढून टाका. मग 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ'ने 1:1 वर प्लॉट करा, प्लॉट स्टाइल मोनोक्रोम (सगळ्या रेघा काळ्या). ही स्टाइल लावायची राहिली तर पिवळ्या लेयरच्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत.

ती पीडीएफ इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, पान ड्रॉइंगच्या मापाचं करून घ्या आणि एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेघांचं चित्र साठवणारा फॉरमॅट) म्हणून सेव्ह करा. वर्डमध्ये इन्सर्ट, पिक्चर्स. आकार 100 टक्केच आहे ना, ते तपासा. कोपरा धरून ओढलात की वरचा सगळा हिशेब गेला. कोणाकडे वर्ड 2013 असेल तर एसव्हीजी चालणार नाही, त्यांच्यासाठी ईएमएफ या जुन्या चित्र-फॉरमॅटमध्ये करा.

साचा, खानापूर
थेट पेस्टबद्दल एक महत्त्वाचं. तसं केलं की चित्राबरोबर मूळ ड्रॉइंगही वर्डच्या फाइलमध्ये बसतं. ज्याच्याकडे ऑटोकॅड आहे तो डबल क्लिक करून सगळी मापं उघडू शकतो. कस्टमरचं डिझाइन असेल तर अशी शीट बाहेर पाठवू नका. रिकामी जागाही त्यामुळेच: ऑटोकॅडची खिडकी ज्या आकाराची, त्या आकाराची चौकट येते.

यंत्रमित्र, उद्यमबाग
एसव्हीजी छान आलं, आभारी आहे. पण ड्रॉइंगमधल्या कन्नड टिपा विस्कटल्या, व्यासाच्या चिन्हाच्या जागी चौकोन आला. आणि एका पानावर चित्राची नुसती पट्टी दिसते.

रेघपट्टी, मच्छे
टिपा ड्रॉइंगमध्ये ठेवूच नका की, खाली वर्डमध्येच टाइप करा. निर्मला यूआय फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. ठेवायच्याच असतील तर पीडीएफच्या प्लॉट पर्यायांत सगळा मजकूर जॉमेट्रीत (नुसत्या रेघांत) बदलायची खूण करा. मग व्यासाचं चिन्हही रेघांचंच होतं, फॉन्टचा प्रश्न उरत नाही. डब्ल्यूएमएफ या आणखी जुन्या चित्र-फॉरमॅटच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात आपली अक्षरं प्रश्नचिन्हं होतात आणि वर्तुळं कोनाकोनांची दिसतात.

साचा, खानापूर
पट्टी दिसते कारण त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली'वर आहे. 'सिंगल' करा, पूर्ण चित्र दिसेल. शीटवर फोटोही टाकणार असाल तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्डमध्ये 'इमेज कॉम्प्रेस करू नका'वर टिक करा, नाहीतर सेव्ह करताना वर्ड फोटोचं रिझोल्यूशन कमी करतो. ही टिक तिथे निवडलेल्या फाइललाच लागू होते.