गवंडी सोडून सगळ्यांना प्रशिक्षण!

ओळंबा (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात ऊर्जाबचतीच्या घरांवरच्या एका कार्यशाळेला जाऊन आलो. एसी हॉल, पन्नास-साठ इंजिनीअर नि आर्किटेक्ट, जेवणात पनीर. विषय होता केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं २०१८ साली काढलेली इको-निवास संहिता. तिच्यात छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवा म्हटलंय. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. आपल्या साध्या सहा इंची उघड्या स्लॅबचा हा आकडा तीनच्या पुढे जातो. रात्री अकरालाही पंखा गरम हवा का फेकतो, ते यातच आलं.

अख्ख्या हॉलमध्ये गवंडी एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरजवळच्या माझ्याच साइटवर गेलो. घरमालकानं घर थंड राहावं म्हणून विटा सोडून एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, घेतलेत. मिस्त्री ते विटांसारखे पाइपनं न्हाऊ घालत होता आणि सांध्यात बोटभर वाळू-सिमेंटचा माल भरत होता. त्या ब्लॉकला ब्लॉक चिकटवायच्या तयार गोंदाचा तीन मिलिमीटरचा थर पुरतो. ब्लॉक ऊन अडवतो, पण असा जाड सांधा म्हणजे उन्हाला आरपार वाट. शिवाय वायरिंगवाल्यानं छिन्नी-हातोड्यानं खाचा मारून दोन ब्लॉक फोडलेले. मिस्त्रीचा हात पंचवीस वर्षं विटेवर बसलाय. ब्लॉक वेगळा आहे हे त्याला कुणी पाच मिनिटं थांबून सांगितलंच नव्हतं. त्यात मीही आलो.

माझं म्हणणं एवढंच: शिकवायचं तर गवंडी, मुकादम आणि छोटे ठेकेदार यांना शिकवा, साइटवर शिकवा आणि त्या दिवसाचा रोज देऊन शिकवा.

गुंठेवारी
साफ असहमत. ती संहिता लागू कुठे होते ते सांगायला विसरलात. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटला, म्हणजे जवळजवळ पाच गुंठ्यांना. आमच्या गल्लीत पाच गुंठ्यांत दहा घरं बसतात! भिंतीला भिंत, रस्ता पश्चिमेला म्हणून खिडकी पश्चिमेला, आणि छज्जा काढला तर शेजारी भांडायला येतो. अशा घरात गवंडी कितीही शिकलेला असो, करणार काय? काम चौरस फुटाच्या भावानं घेतलेलं असतं. जो भराभर उरकतो त्याला पुढचं काम मिळतं. आधी छोट्या घरांना नियम लावा, नकाशा मंजूर करताना विचारा. प्रशिक्षण मग आपोआप होईल.

थापीवाला
मी सोता गवंडी हाव, मोबाइलवर बोलून टाइप करायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. ब्लॉकला पानी मारायचं न्हाई हे मला ठावं हाय. पर मालक म्हनतो, वाळू-सिमेंट पडलंय की, त्यातच लाव, गोंदाच्या पिशवीला पैसे कशाला घालू? आता मी मालकाला शिकवू का? शिकायला येतो, पर रोज बुडवून येनार न्हाई.

गुंठेवारी
घ्या, मिस्त्रींनीच सांगितलं. अडलंय ते मालकाच्या खिशात.

माळवद
माझं माहेर किल्लारीकडचं, म्हणून थोडं लांबण लावते.

आमचं जुनं घर माळवदाचं. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर मातीचा जाड थर. मे महिन्यात दुपारी आत पांघरूण लागायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, भूकंपात तोच थर झोपलेल्या माणसांवर आला. नंतर सरकारनं गावागावातल्या गवंड्यांना शिकवलं: दगडी भिंतीत आरपार दगड कसा घालायचा, दारं-खिडक्यांच्या वर, लिंटेलला, काँक्रीटचा पट्टा का हवा. ते शिकले, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी गेलेलं होतं.

म्हणून ओळंबादादांचं पटतं, गवंडी शिकतो. पण नवी घरं सिमेंटची झाली आणि उन्हाळ्यात भट्टी. आईला म्हटलं, स्लॅबवर मातीचा थर देऊ, गार राहील. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आमच्याकडे छतावर वजन हा शब्दच काढायचा नाही. तुमच्या हॉलमधल्या शिकवणाऱ्यांना हे माहीत असतं का?

ओळंबा
ताई, खरं सांगायचं तर नाही. आणि मीही कोब्याखाली, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराखाली, काय घालायचं याचाच विचार करत होतो, वजनाचा केलाच नाही.

चुनाभट्टी
एवढा काथ्याकूट कशाला? स्लॅबला पांढरा चुना मारा, ऊन परत जातं, संपलं. शेजारच्या तेलंगणानं २०२३ ला कूल रूफचं, म्हणजे छत थंड ठेवायचं, धोरणच आणलंय. ब्रश मारायला कसलं प्रशिक्षण?

ओळंबा
चुना चांगलाच, आणि ताईंच्या आईलाही चालेल, वजनच नाही. पण पावसाळ्यानंतर धुपतो, धुळीनं काळवंडतो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. कोब्याला उतार नसला तर पाणी साचून पोपडे येतात. उतार कोण काढतो? गवंडीच.

सेसवाला
पैशाचं बोला की कुणीतरी. १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला उपकर (सेस) बांधकाम खर्चावर एक टक्का कापला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडून भांड्यांचा संच मिळतो, पेटी मिळते. त्याच पैशातून शिकण्याच्या दिवसांचा रोज द्या. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण आहेच, तेही प्रत्यक्ष घर बांधता बांधता. त्यातच छत नि छज्जाचे आठ दिवस धरा.

गुंठेवारी
मंडळात नाव नोंदवायला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नाक्यावर उभं राहणाऱ्याला तो देणार कोण? तिथूनच गाडी अडते. तुम्ही लोक कागद सोडून बोलतच नाही.
असो. ओळंबासाहेब, तुमच्या साइटवर एक खोली गोंद लावून नीट करून घ्या, एक आहे तशी ठेवा. मे महिन्यात दुपारी तीनला भिंतीला आतून हात लावायला मी स्वतः येतो. फरक लागला तर इथेच कबूल करीन.

ओळंबा
ठरलं. वरच्या मजल्याच्या भिंती अजून व्हायच्यात. मालकाशी बोललो, एका खोलीचा गोंद तो देतोय, मिस्त्रीचा एक दिवसाचा रोज माझ्याकडून. थापीवाले मिस्त्री, जवळपास असाल तर तुम्हीही या, तुमचाही रोज धरतो.

थापीवाला
येतो की. पर त्या गोंदाला दात्याची थापी लागती, साध्या थापीनं पातळ बसत न्हाई. आमच्याकडं तीन दुकानं फिरलो, कुनाकडंच न्हाई. लातूरात मिळती का?