मदत हवी आहे: ‘स्वेच्छेने काउंटर सोडतो’ असं लिहून द्यावं का?

नमस्कार. इथे माझा जुना आयडी आहे, पाककृतींच्या धाग्यांवर बडबड करत असतो. आज मुद्दाम नवा घेतलाय. का ते पुढे कळेलच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी पतसंस्थेत रोखपाल आहे. वय ३६, नोकरीला अकरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात आशाताई घरोघरी तपासणीला आल्या होत्या. बायको सहज बोलून गेली, यांच्या पाठीवर शिबं आहेत, दोन वर्षं मलम लावतेय, जात नाहीत. त्यांनी पाठ बघितली आणि सरकारी दवाखान्यात जाऊन या म्हणाल्या. तिथे डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. पाठीवर पेनाचं टोक टेकवत गेले, ‘लागलं की हो म्हणा’. मी बराच वेळ गप्प. मला वाटलं अजून सुरूच केलं नाही. सात चट्टे मोजून झाले होते.

कुष्ठरोग. पाचपेक्षा जास्त चट्टे, म्हणून बारा महिन्यांचे औषध. हातापायाला काही नाही, बोटं व्यवस्थित, नोटांची थप्पी आजही यंत्राआधी मोजून होते. आता पाचवं पाकीट चालू आहे.

घरी मी घाबरलो तेवढी बायको घाबरली नाही. सासूबाईंनी मात्र फोनवर ‘मोठा रोग’ असा शब्द वापरला आणि मग आवाज एकदम खाली आणला, जणू रोगाला ऐकू गेलं असतं.

ऑफिसात मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या औषधातली तपकिरी कॅप्सूल रंग काळवंडवते. तिसऱ्या महिन्यापासून चेहरा असा झाला की खातेदार विचारायला लागले, साहेब, शेती घेतली का? मी हो म्हणायचो. मग एके दिवशी ड्रॉवर उघडा राहिला. गोळ्यांचं पाकीट आमच्या शिपायाने पाहिलं, कुणीतरी मोबाइलवर नाव शोधलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या शाखेला कळलं. मला कसं कळलं सांगतो. नोटा मोजताना बोट ओलं करायला स्पंजची वाटी असते ना, आम्हा दोघा रोखपालांमध्ये एकच होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर नवी कोरी वाटी आली. माझी जुनी माझ्यापाशी.

डब्याचं तर विचारूच नका. बायकोच्या हातच्या सांबारवड्यांवर (पुणेकरांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) अकरा वर्षं झडप पडत आलीय. डब्यात मला एक उरली तर नशीब. आता सगळ्यांचा एकाच आठवड्यात उपास, ॲसिडिटी आणि डॉक्टरांनी तळकट बंद. डबा भरलेला परत नेला तर ती विचारेल, म्हणून बसस्टँडवर बसून सगळ्या वड्या एकटा संपवतो. तिला वाटतं ऑफिसात अजून आवडतात.

कुणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही, हीच अडचण आहे. बोलले असते तर भांडलो असतो. सगळं काळजीपोटी चाललंय. शाखाधिकारी म्हणाले, ‘भाऊ, तुह्या भल्यासाठीच सांगून राहिलो. काउंटरवर दगदग होते. रेकॉर्ड रूममध्ये बस, पंखा आहे.’ तीन आठवडे मी तिथे जुनी व्हाउचरं बांधतोय. आता त्यांना माझ्याकडून अर्ज हवाय, ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने रोखपालाचे काम सोडत असून...’ मजकूर त्यांनीच टाइप करून आणलाय. सही तेवढी बाकी. सही केली की रोखपालाचा भत्ता गेला.

गंमत म्हणजे गेल्या वर्षी आमच्या शाखेची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. साहेबांनी देणगी दिली, तिथल्या चादरी विकत घेतल्या, सगळ्यांनी घेतल्या. त्या चादरी घालून हे लोक झोपतात.

प्रश्न असे. सही करू का? नाही केली तर काय होईल? डॉक्टरांचा दाखला दिला तर उपयोग होतो का, की स्वतःच्या हाताने लेखी पुरावा दिल्यासारखं होईल? आणि ती तपकिरी कॅप्सूल काही दिवस थांबवली तर रंग उतरेल का? थोडा उजळलो तर विषय मागे पडेल असं वाटतं.

रानजाई
सांबारवड्यांपाशी अडखळले. आधी बायकोला खरं सांगा. बाकी कायद्याचं जाणकार सांगतील.

जुना सायकलवाला
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. कॅप्सूल थांबवायची नाही. एक दिवसही नाही. मी कुष्ठरोग विभागात एकतीस वर्षं सायकलवर गावं फिरलो, आता निवृत्त आहे. रंगापायी गोळ्या सोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि नंतर त्यांचे हातही पाहिले आहेत. तीन औषधं एकत्र देतात ती उगाच नाही. पूर्वी एकट्या डॅप्सोनवर भिस्त होती, जंतू त्याला सरावले. म्हणून १९८१ पासून ही तिहेरी गोळी आली. रंग औषध संपल्यावर काही महिन्यांनी उतरायला लागतो, पूर्ण जायला वर्ष किंवा जास्तही लागतं. खोबरेल तेल लावा, उन्हात टोपी घाला. महिन्याच्या पहिल्या डोसला लघवी लाल होते, ते रिफाम्पिसिनमुळे. बरेच जण त्यालाच घाबरतात.

दुसरं. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराच्या आतल्या बाजूची शीर दुखायला लागली, करंगळीत मुंग्या आल्या किंवा पापणी नीट मिटेना झाली, तर पुढच्या पाकिटाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्याला रिॲक्शन म्हणतात. वेळेत औषध मिळालं तर नस वाचते. तुम्ही दिवसभर बोटांनी काम करणारे, म्हणून खास सांगतोय.

आता ऑफिस. नोटेवरून, स्पंजवरून, वडीवरून हा आजार जात नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या नाकातोंडातून, तेही खूप दिवसांच्या जवळच्या सहवासात तो पसरतो. बहुतेकांचं शरीर जंतू आल्या पावली परतवतं. हा जंतू इतका आळशी की एकाचे दोन व्हायला दोन आठवडे घेतो, आणि लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जाऊ शकतात. औषध सुरू झालं की संसर्गाची भीती थोड्याच दिवसांत संपते. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांना धोका होताच, तर तो वड्या मिटक्या मारत खात होते तेव्हा होता. आज नाही.

स्पष्टवक्ता
वाईट वाटून घेऊ नका, पण समोरच्यांची बाजूही मांडतो. माझ्या घरी चार वर्षांचं पोर आहे. ऑफिसात असं कळलं असतं तर मीही घरी जाऊन आधी हात धुतले असते. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. आणि हे तुम्ही आधीच सांगितलं असतं तर लोकांना फसवल्यासारखं वाटलं नसतं.

खिडकी नंबर दोन (धागाकर्ता)
हात धुवा ना, त्याला ना नाही. मी काउंटरवर रोज शेकडो नोटा हाताळतो, मीच दहादा धुतो. पण आधी सांगितलं असतं तर नवी वाटी तीन महिने आधी आली असती, एवढाच फरक पडला असता. शेजारच्या रोखपालाला साखर आहे. त्याने शाखेत अर्ज दिला होता का?

सायकलवाले काका, कॅप्सूलबद्दल आभार. दोन दिवस घेतली नव्हती. आज घेतली.

जुना सायकलवाला
चुकलेल्या दोन दिवसांबद्दल डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि घरच्यांना प्रतिबंधक डोस मिळाला का? रिफाम्पिसिनचा एकच डोस असतो, तपासून देतात. बायको-मुलांना मिळाला नसेल तर मागून घ्या.

कलमबहाद्दर
सही करू नका. ‘स्वेच्छेने’ हा शब्द कागदावर आला की पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. भत्ता गेला तो तुमच्या इच्छेने, बदली झाली ती तुमच्या इच्छेने. त्यांना हलवायचं असेल तर त्यांनी कारणासकट लेखी आदेश काढावा. बघा, कारणाच्या रकान्यात ‘कुष्ठरोग’ लिहायला कुणाचं पेन चालत नाही.

कायद्याचं खोटं आश्वासन देत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ‘कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती’ आहे. पण ती हातपाय बधिर राहिले, ताकद गेली किंवा व्यंग उरलं तर. तुम्हाला देवदयेने यातलं काही नाही, त्यामुळे त्या दारातून आत जाणं अवघड. शिवाय नोकरीतल्या भेदभावाचं त्यातलं कलम २० सरकारी आस्थापनांना बांधतं, तुमची पतसंस्था त्यात बसत नाही. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, तो खासगी मालकालाही लागू होतो. कुष्ठरोगासाठी तसा नाही. विधी आयोगाने २०१५ साली २५६व्या अहवालात मसुदा करून दिला होता, तो मसुदाच राहिला. सरकारने दोन गोष्टी केल्या. १८९८ चा जुना कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि घटस्फोटासाठी किंवा विभक्त राहण्यासाठी कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये पाच वैयक्तिक कायद्यांतून काढलं. सासूबाईंना हे दुसरं सांगायला हरकत नाही.

म्हणून तुमची भिस्त साध्या गोष्टींवर: नेमणूक पत्र, सेवानियम, भत्त्याची पगारपत्रकं, आणि डॉक्टरांचा ‘कामास योग्य, संसर्गाचा धोका नाही’ असा दाखला. दाखल्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या. तोंडी काही झालं तर त्याच संध्याकाळी तारीख घालून वहीत लिहा.

उन्हाळी
पहिल्यांदाच लिहितेय. मला २००९ मध्ये झाला होता, एकच चट्टा, सहा महिन्यांत औषध संपलं. शाळेत शिकवते. कुणालाही सांगितलं नाही, आजही नाही. गोळ्या मसाल्याच्या डब्यात ठेवायचे. तुम्ही उघडे पडलात म्हणून वाईट वाटतं, पण कुठेतरी हेवाही वाटतो. मला अजून स्टाफरूममध्ये कुणी ‘महारोग्यासारखं काय बसलीस’ म्हणालं की हसावं लागतं.

रानजाई
@उन्हाळी, 🙏 इथे लिहिलंत, बरं केलंत.

जुना सायकलवाला
एक सुचवतो. ३० जानेवारीपासून कुष्ठरोगाचा जनजागृती पंधरवडा असतो. दवाखान्यातली माणसं शाळा, ग्रामपंचायती, ऑफिसं असं फिरून माहिती देतात. तुमच्या शाखेत त्यांना बोलावता येईल. तुमचं नाव कुणी घेणार नाही, फार तर गावातल्या सगळ्याच संस्थांत जातोय असं सांगतील. माझ्या वेळी आम्ही असंच करायचो. एका घरासाठी पूर्ण आळी तपासायची.

खिडकी नंबर दोन (धागाकर्ता)
उशिरा लिहितोय, माफ करा.

सही केली नाही. साहेबांना म्हटलं, आदेश द्या, लगेच पाळतो. ते म्हणाले, तू तर मनावरच घेतलं राव. टाइप केलेला कागद अजून त्यांच्या पेपरवेटखाली आहे, मी आत गेलो की दिसेल असा. दाखला दिला. त्यांनी तो न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला, वर पोच द्यायला पाच मिनिटं घासाघीस केली. पोच मिळाली आहे.

पंधरवड्यात दवाखान्यातले एक तंत्रज्ञ आले. वीस मिनिटं बोलले, चांगलं बोलले. साहेबांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं आणि फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्येच, स्पंजच्या वाट्या दोनच. काका, तुमचा उपाय चुकला असं म्हणत नाही, पण माझ्या खुर्चीपर्यंत काही पोचला नाही.

बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून वड्या करायचं बंद केलं. आता डब्यात पोळी-भाजी असते.

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर शिपाई रेकॉर्ड रूमच्या दारात उभा. ज्याने पाकीट पाहिलं होतं तोच. मला वाटलं चावी हवी असेल. शर्टाची बाही वर सरकवून म्हणाला, ‘माह्या हातावर पाहा न भाऊ. त्या दिवशी त्यानं सांगितलं तेव्हापासून झोप नाही.’ दंडावर रुपयाएवढा फिका डाग होता. मी पेनाचं टोक टेकवलं. लागते म्हणाला. परत टेकवलं. थोडं थोडं लागते म्हणाला. मला त्यातलं काही कळत नाही, मंगळवारी सहावं पाकीट घ्यायला जाताना त्याला बरोबर नेतोय. रजेच्या अर्जात दोघांनीही ‘घरगुती काम’ लिहिलंय.

कलमबहाद्दर, मुख्य कार्यालयाला पत्र लिहायला घेतलंय. त्यात ‘पूर्ववत काम मिळावे’ एवढंच लिहू, की ‘रोख काउंटर क्र. २ वर’ असं नेमकं लिहू? आणि बुडालेल्या भत्त्याची मागणी त्याच पत्रात करायची की वेगळी?