मदत हवी आहे: नाचात रमतात, वाचताना पांगतात

आम्ही कॉलेजची सहा मुलंमुली दर शनिवारी ७ ते १० वर्षांच्या मुलांना नाच आणि वाचन शिकवतो. नाचाला सगळी हजर. पुस्तक उघडलं की कुणाला तहान लागते, कुणाला घर आठवतं. आधी वाचन, मग नाच असं करून पाहिलं, तर वाचन ही शिक्षाच वाटायला लागली. चूक आमचीच.

एक गोष्ट मात्र जमली. ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. 'किती' म्हणताना पहिली आणि दुसरी वेलांटी पोरांच्या हातांनाच कळली! पण जोडाक्षरांपाशी गाडी अडते. 'सूर्य'मधला रफार आणि 'प्रकाश'मधला तिरका र, दोन्ही र-च, हे नाचून कसं दाखवायचं?

शिवाय काही जण धडाधड वाचतात, काहींना काना-मात्रेतच धाप लागते. वेगळे गट केले की मागे पडलेल्यांचे चेहरे उतरतात. त्यात परीक्षा आल्या की आमच्यातलेच तिघं गायब. मुलं 'ताई कधी येणार?' विचारत बसतात.

कुणी असा वर्ग चालवला असेल तर सांगा ना, नाच आणि वाचन एकमेकांत कसं गुंफलंत? आणि बदली ताई-दादा आला तर मुलं रुसू नयेत म्हणून काय केलंत?