मदत हवी आहे : माफ करता यावं यासाठी ऑनलाइन थेरपिस्ट कसा शोधायचा?

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मला माझ्या ताईला माफ करायचं आहे. मनापासून करायचं आहे, पण होत नाही, आणि एकटीने होईल असं आता वाटत नाही. प्रत्यक्ष जाऊन कुणाला भेटणं सध्या शक्य नाही, म्हणून ऑनलाइनच हवं आहे. पण माणूस निवडायचा कसा, तेच कळत नाहीये.

आधी काय झालं ते सांगते. बाबांना जाऊन अडीच वर्षं होतील. मी दूर राहते, ताई त्यांच्याजवळ होती. शेवटचे अकरा दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते आणि मला याचा पत्ताच नव्हता. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. ताई उचलायची आणि म्हणायची, "बाबा झोपलेत गं, उद्या बोल." रोज तेच वाक्य. बाराव्या दिवशी भावोजींचा फोन आला. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

तेव्हा ताई एवढंच म्हणाली, की तुझी नोकरी नवीन होती, तू घाबरली असतीस, धावत आली असतीस. पुढे वर्षभराने तिने माझ्या हातात एक वही ठेवली. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं, म्हणून ते वहीत लिहून सांगायचे. 'पाणी'. 'पंखा कमी कर'. 'किती वाजले'. अक्षर उताराला लागलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. आणि एका पानावर नुसतं माझं नाव, घरी हाक मारायचे ते. त्याच्या पुढेमागे काही नाही. ताईचं म्हणणं, त्यांनीच हाताने खूण करून सांगितलं होतं की तिला कळवू नकोस. मला ते खरं वाटत नाही, आणि खोटंही म्हणवत नाही. ज्यांना विचारायचं ते बाबाच नाहीत.

ताईने बाबांचं सगळं केलं हे मला माहीत आहे. रात्र-रात्र जागली, औषधपाणी तिनेच पाहिलं, डॉक्टरांशी तीच बोलली. ते आठवलं की तिच्यावर रागावल्याची शरम वाटते, आणि पाच मिनिटांत राग पुन्हा जागच्या जागी. आता आमचं बोलणं होतं ते वरवरचं. तिचा फोन आला की मी दोन-तीन रिंग नुसती बघत बसते, मग उचलते.

मागच्या वर्षी मी एक प्रयत्न करून पाहिला. एका ऑनलाइन सेवेत प्रश्नावली भरली, त्यांनी त्यावरून थेरपिस्ट जोडून दिल्या. पहिली भेट ठीक झाली. दुसऱ्या भेटीत त्यांनी ताईला माफीचं पत्र लिहून मोठ्याने वाचायला सांगितलं, माफी आपण स्वतःसाठी करत असतो म्हणाल्या. मी लिहिलं, वाचलंही. माझाच आवाज मला परका वाटत होता. कॉल संपल्यावर अर्धा तास तशीच काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिले. तिसरी भेट रद्द केली. त्यांना दोष देत नाही. मीच पहिल्या वाक्यात "मला माफ करायचंय" म्हटलं, म्हणून त्या थेट तिथेच गेल्या असतील.

तर विचारायचं हे, की माफी या विषयावर खरंच काम करणारे थेरपिस्ट वेगळे असतात का? शोधताना कोणता शब्द टाकायचा? पहिल्या बोलण्यात काय विचारलं म्हणजे हा माणूस मला ढकलणार नाही याचा अंदाज येईल? आणि भाषेचं काय करायचं? मागच्या वेळी सगळं इंग्रजीत झालं. "झोपलेत गं" हे इंग्रजीत सांगितलं की त्यातला 'गं' गळून पडतो, आणि मला तर तो 'गं'च टोचतो. इतक्या मायेने खोटं बोलली ती.

'झालं गेलं गंगेला मिळालं' हे बऱ्याच जणांनी सांगून झालं आहे. तेवढं कृपया नको.

प्रतिसाद १

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी समुपदेशक आहे. इथून मी कुणाला क्लायंट म्हणून घेत नाही, माहिती म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, तुम्ही तिसरी भेट रद्द केलीत यात तुमचं काही चुकलं नाही. माफीवर शिस्तीत काम करायच्या पद्धती आहेत. त्यातली एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांची. तिचे चार टप्पे आहेत. आधी राग आणि झालेलं नुकसान पुरतं उघड करायचं. मग माफ करायच्या वाटेने जायचं की नाही ते ठरवायचं. त्यानंतर समोरच्या माणसाकडे नव्याने पाहायचं काम, आणि शेवटी या सगळ्यातून आपल्या हाती काय लागलं त्याचा शोध. तुमच्याकडून दुसऱ्याच भेटीत पत्र वाचून घेतलं, म्हणजे पहिला टप्पा सोडून उडी मारायला लावली. १९९६ साली सुझान फ्रीडमन आणि एनराइट यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या १२ स्त्रियांबरोबर त्यांनी या पद्धतीने काम केलं, प्रत्येकीबरोबर स्वतंत्र बसून. सरासरी १४ महिने लागले. तुमचा घाव वेगळा आहे, पण दोन भेटी आणि चौदा महिने यांतलं अंतर बघा.

दुसरं, एव्हरेट वर्दिंग्टन या संशोधकांनी केलेला फरक तुमच्या उपयोगी पडेल असं वाटतं : निर्णयाची माफी आणि भावनेची माफी. सूड घ्यायचा नाही, नातं तोडायचं नाही, हा निर्णय तुम्ही कधीच घेतला आहे, म्हणून तर फोन उचलता. भावनेची माफी तिच्या गतीने येते, हुकूम सोडून येत नाही. त्यांची पाच पायऱ्यांची 'रीच' नावाची पद्धत आहे. तिच्यावरची, साधारण तीन तासांत स्वतःची स्वतः भरायची कार्यपुस्तिका पाच देशांतल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांबरोबर तपासून पाहिली, ते निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि लोकांना तिचा फायदा झालेला दिसला. ती पुस्तिका नेटवर मोफत मिळते. पण तुम्ही आज एकटीने ती घेऊन बसू नये असं माझं मत आहे. सोबत माणूस मिळाला की मग.

आता शोधायचं कसं. नुसतं 'फर्गिव्हनेस' टाकून शोधू नका. बऱ्याच सेवांमध्ये थेरपिस्ट आपल्या विषयांच्या यादीवर खुणा करतात, आणि वीस-वीस विषयांवर खूण केलेली असते. त्यातून काही कळत नाही. तुमचं लिहिणं वाचताना मला रागाच्या आधी शोक दिसला. तुम्हाला बाबांचा निरोप घेता आला नाही. अमेरिकन मानसोपचाराच्या वर्गीकरणात २०२२ साली दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद झाली, मोठ्या माणसांसाठी निदान १२ महिने उलटलेले असावेत ही त्यातली एक अट. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, इतक्यावरून ते कुणी सांगूही नये. पण 'शोक' आणि 'कौटुंबिक दुरावा' या दोन विषयांवर काम करणारा माणूस शोधा. माफीचा प्रश्न त्याच्यासमोर आपोआप येईल.

आणि एक विचारतो. उत्तर इथे द्यायची गरज नाही. राग नक्की कुणाकुणावर आहे?

प्रतिसाद २

वेगळं बोलते, राग मानू नका. माफ करायलाच हवं का? माझ्या बाबतीत मी एका नातेवाइकाला माफ न करायचं ठरवलं आणि ठरवल्याच्या दिवसापासून शांत झोपते. 'माफ कर, माफ कर' करत घरातल्यांनी माझी चार वर्षं घालवली. थेरपिस्टला पहिल्याच बोलण्यात विचारा : शेवटी मी माफ नाही करायचं ठरवलं तर तुम्ही काय कराल? जो "तरीही आपलं काम वाया गेलं नाही" अशा अर्थाचं काही म्हणेल त्याच्याकडे जा. जो समजूत घालायला लागेल त्याला नमस्कार करा.

प्रतिसाद १ यांचा पुन्हा प्रतिसाद

हा प्रश्न अगदी योग्य. त्याच्या जोडीला "माफी आणि समेट यांत तुम्ही काय फरक करता?" हेही विचारा. माफी एकट्याच्या मनात होऊ शकते, समेटाला दोघं लागतात. हा फरक ज्याला चटकन सांगता येत नाही, तो नकळत तुम्हाला ताईच्या दारात नेऊन उभं करेल.

प्रतिसाद ३

मी सव्वा वर्ष ऑनलाइन थेरपी घेतली, विषय माझ्या धंद्यातला भागीदार. (तपशील नको.) बारीकसारीक पण कामाचं सांगतो.

कुणाशीही ठरवण्याआधी तुम्ही राहता त्या देशात त्यांना परवाना किंवा नोंदणी आहे का ते बघा, आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मी विचारला तेव्हा बाईंनी दोन मिनिटांत पाठवला, वर "बरं केलंत विचारलंत" म्हणाल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा पत्ता आणि अडीअडचणीला फोन करायचा जवळच्या माणसाचा नंबर घेतला. मला ते तेव्हा अति वाटलं होतं. पण समोरचा माणूस पडद्यापलीकडे आहे, आपण कोसळलो तर त्याला मदत कुठे पाठवायची ते माहीत असायला हवं. हे न विचारणारा माणूस मी तरी टाळेन.

बहुतेक ठिकाणी थोडा वेळ नुसतं ओळखीचं बोलता येतं. तसं दोघातिघांशी बोला. मी पहिल्या दोघांना नाही म्हटलं, आणि नाही म्हणणं हासुद्धा माझ्यासाठी सरावच होता.

तुम्ही काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिलात, ते वाचून पोटात तुटलं. मलाही ते व्हायचं. क्लिनिकमधून बाहेर पडलं की निदान रस्ता असतो, चालत घरी यायचं असतं. इथे एक बटण दाबलं की आपण त्याच खुर्चीत. आमच्या थेरपिस्टनी उपाय काढला. शेवटची दहा मिनिटं नवं काही उकरायचं नाही, आणि कॉल संपला की मी लगेच उठून पंधरा मिनिटं बाहेर चालून यायचं. फोन घरी ठेवून. सेशन पन्नास मिनिटांचं असलं तरी दिवसातला दीड तास मोकळा ठेवा.

मध्येच एकदा त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवायला लावून तिच्याशी बोलायला सांगितलं. ते सातव्या महिन्यात. दुसऱ्या भेटीत सांगितलं असतं तर मीही पळालो असतो.

प्रतिसाद ४

भाषेबद्दल. मराठी थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच, ऑनलाइन असल्यामुळे शोधाचं वर्तुळ मोठं होतं, परवान्याचं तेवढं बघा. नाहीच मिळाला, तर मी काय केलं ते सांगते. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की काही वाक्यं मी आधी माझ्या भाषेत म्हणणार, मग अर्थ सांगणार. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या थांबून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "या वाक्याला तुमचा आवाज बदलला." कोणतं वाक्य होतं ते त्यांना शब्दांवरून कळलं नव्हतं. तुमचा 'गं' असा पोचू शकेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण पहिल्या प्रतिसादातल्या त्या शेवटच्या प्रश्नावर अडकले होते. इथे द्यायची गरज नाही म्हणालात, तरी देते. नाहीतर पुन्हा गिळून टाकेन.

चौथ्या दिवशी मी फोन केला तेव्हा ताईच्या आवाजामागे टीं-टीं असं बारीक, एका लयीत काहीतरी वाजत होतं. मी ऐकलं. घरात असं काही वाजत नाही हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं पहिलं मोठं काम सादर करायचं होतं, आणि "झोपलेत गं" हे मला ऐकायचं होतं म्हणून मी ते ऐकून घेतलं. अडीच वर्षांत हे कुणालाच सांगितलेलं नाही. त्या थेरपिस्टनासुद्धा नाही.

म्हणजे ताईवर आहे, बाबांवर आहे (खरंच खूण केली असेल तर), आणि माझ्यावर आहे. कशाचा वाटा किती ते मला कळत नाही.

काल तिघांना मेल पाठवले. 'माफी' हा शब्द मुद्दाम टाकला नाही. लिहिलं की वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मला कळवलं गेलं नाही, त्याबद्दल बोलायचं आहे. एकीचं उत्तर आलं आहे, मराठी बोलतात, नोंदणी क्रमांक मेलच्या खालीच होता, तो तपासला. गुरुवारी वीस मिनिटं ओळखीचं बोलणं आहे. इथले दोन्ही प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत.

प्रतिसाद ३, तुम्हाला एक विचारायचं होतं. पहिल्याच बोलण्यात सगळं सांगावं लागतं का? त्या टीं-टींबद्दल गुरुवारी बोलता येईल असं वाटत नाही.

प्रतिसाद ३

अजिबात नाही. "एक गोष्ट आहे, ती आज नाही सांगणार" एवढंच म्हणा. मी माझी चौथ्या महिन्यात सांगितली. तोवर दर वेळी त्या फक्त विचारायच्या, "ती अजून तिथेच आहे ना?" मी हो म्हणायचो, आणि आम्ही दुसऱ्या विषयाला लागायचो.

धागाकर्ती

हे जमेल मला. गुरुवारी रात्री इथे लिहिते.